न पोचलेली रेघ

भावाने त्याच्या फोनवर मला माझीच मेल दाखवली. आईच्या औषधांची यादी होती ती. डॉक्टरांनी बंद केलेल्या दोन गोळ्यांच्या नावांवर मी आडवी रेघ मारून पाठवली होती. त्याच्याकडे नुसती अक्षरं उतरली होती. रेघ कुठेच नव्हती. आठ दिवस त्याने त्या गोळ्याही अगदी वेळेवर दिल्या. आता आई आयसीयूत आहे.

"तू लिहिलंस तेच दिलं गं, ताई."

खरं आहे. शब्द पोचतात, लिहिताना आपण त्यांवर केलेली खूण वाटेतच गळून जाते. 'या देऊ नकोस' एवढं साधं वाक्य लिहायला कितीसा वेळ लागला असता? आयुष्यभर मी याद्यांच्या भरवशावर माणसं सांभाळली.

मघाशी नर्सने आईची औषधं लिहून मागितली. मला पेन उचलवेना.