शाळेतलं फुंकायचं मशीन

हसणार नसाल तरच सांगतो. बघा हं, चहा हातात धरून कबूल करताय!

तर ऐन नवरात्रात आमची इरा इथल्या, इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या शाळेतून घरी आली आणि सहज म्हणाली, "बाबा, आज स्कूलमध्ये सर्व्हे होता. किती किड्स स्मोक करतात ते मोजायला. मशीनमध्ये फुंकायचं. माझा लाईट रेड आला."

"रेड म्हणजे?"

"म्हणजे स्मोकर. पण मी नाही करत, बाबा. प्रॉमिस!"

चौदा वर्षांची पोर! मी तिचा स्वेटर हुंगला, दप्तर हुंगलं, शेवटी पेन्सिलींचा डबासुद्धा हुंगला. इरा रडायला लागली. "तुझा माझ्यावर ट्रस्टच नाही!" ट्रस्ट होता हो, पण भीती त्याच्या दसपट होती.

दुसऱ्या दिवशी बायकोची, मनीषाची, मीटिंग होती. मग मीच सकाळची पूजा-आरती उरकून इराला घेऊन थेट शाळेतल्या नर्सबाईंपुढे उभा. बाई बिचाऱ्या समजावत होत्या, नावं कुणाची घेतलेली नाहीत, कुणी रागावणार नाही. पण मी ऐकतोय कसला! मी सॉफ्टवेअर टेस्टर. आमच्याकडे आधी यंत्रावर संशय घ्यायचा.

"मॅडम, मशीन बिघडलंय. मी जन्मात सिगारेटला हात लावलेला नाही. मी फुंकतो, हिरवाच दिवा आला पाहिजे!"

फुंकलं. लाल! आणि आकडा इराने काल सांगितलेल्याहूनही मोठा!

"बघा! म्हटलं नव्हतं, बिघडलंय?" मी जवळजवळ नाचलोच.

बाईंनी शांतपणे नळी बदलली आणि स्वतः फुंकलं. हिरवा.

म्हणजे मला काय झालंय? आता मीच आडवा होणार की काय?

"घरात काही जाळता का? कोळसा वगैरे?" बाईंनी विचारलं.

मी "छे छे!" म्हणणार, तेवढ्यात इराने फाडफाड इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. नवरात्र आहे, बाबा रोज सकाळी कोळशावर धूप घालतो. छोट्या खोलीत. खिडकी बंद. आणि जिन्यातला स्मोक अलार्म वाजू नये म्हणून दाराखाली टॉवेल कोंबतो. आरती होईपर्यंत आम्ही सगळे आत.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. हे मशीन सिगारेटच्या धुरातला जो विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, मोजतं, तोच जळत्या कोळशातूनही निघतो, तो दिसत नाही, त्याला वास नसतो, माणूस झोपल्या जागी जातो, हे त्यांनी मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. इराकडे बघायची हिंमत होईना. "सॉरी गं बाळा," एवढंच कसंबसं तोंडातून निघालं.

बाहेर आलो तोच मनीषाचा फोन.

"काय रे, कळलं का काही? कुणाच्या संगतीने बिघडली पोर?"

"माझ्या," मी म्हटलं.