पेंटरकाकांचा गोल

पेंटरकाकांनी एकवीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. साबण असो की टायर, शेवटी डावीकडे वर पांढऱ्या रंगाचा एक टिपका मारला, की वस्तू चकाकलीच पाहिजे. एका न्हाव्याच्या पाटीवर तर त्यांनी गिऱ्हाइकाचं टक्कल असं चमकवलं, की न्हावी वैतागून म्हणाला, "काका, हा माणूस माझ्याकडे येईल कशाला?"

पुढे पाट्या मशीनवर छापून यायला लागल्या आणि काकांच्या डोक्यात भित्तिचित्रं शिरली. तीही अमूर्त, म्हणजे काहीही ओळखू न येणारी. वाचनालयाच्या बाईंनी मागची लांबलचक भिंत देऊ केली, पण बजावलं, "आधी एक कोपरा रंगवा. पाचला येऊन बघते. जाहिरातीसारखा दिसला, तर वरून पांढरा रंग आणि तुम्हाला रामराम."

काकांनी छत्रीएवढा लाल गोल काढला. हात आपसूक वर गेला आणि टिपका पडला.

रस्त्यातली एक बाई थबकली. "टोमॅटोचं दुकान कधी उघडतंय?"

काकांनी गोल जांभळा केला. टिपका. वांगं! पिवळा केला. टिपका. लिंबू! मग निळा केला. निळी भाजी कुठे असते? तरी टिपका पडलाच, आणि भिंतीवरून चेंडू टुणकन उडी मारेलसं वाटायला लागलं. चार वाजून गेले.

डबा घेऊन आलेल्या काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, हात आहे की शिक्का?"

"अगं, मी नाही मारत. तोच मारतो!"

"मग त्याला रजा द्या." काकूंनी वाचनालयातला फरशी पुसायचा लांब दांड्याचा मॉप आणला. "धरा दोन्ही हातांनी. आता मारा बघू टिपका!"

मॉप रंगाच्या बादलीत बुचकळून काका भिंतीला भिडले. गोल इकडे फुगला, जुना टिपका गिळून तिकडे ओघळला, मध्येच कुठेतरी भरकटला. नवा टिपका मारायला मॉप वर नेण्याइतकी ताकद काकांच्या दंडांत उरलीच नाही.

पाचला बाई आल्या. मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिल्या.

"हे काय आहे?"

"खरं सांगू? मला नाही माहीत."

"मलाही नाही," बाई म्हणाल्या आणि पुन्हा बघायला लागल्या. "उद्यापासून उरलेली भिंत घ्या."

काका आ वासून उभेच राहिले. काकूंनी डबा उघडून त्यांच्या हातात दिला. "मिटा ते तोंड. नाहीतर घास तरी घाला त्यात."