तेलाचा काटा

खोडदहून मंचरला बायकोला दवाखान्यात नेताना ओळखीचे एक दादा माझ्या चहाच्या टपरीपाशी थांबतातच. त्यांची मोटारसायकल जुनी, वाऱ्यावर थंड होणारी. इंजिनातल्या तेलाच्या झाकणावर त्यांनी तापमानाचा काटा बसवलाय. वाकून बघतात, मान हलवतात. “तेल लई तापलंय. उतर जरा.”

वहिनी धापा टाकत बाकावर बसतात. दमलात म्हटलेलं त्यांना खपत नाही. “मला काय न्हाई झालं. गाडीच म्हातारी झालीया.”

काल चहा द्यायला गेलो तेव्हा मी काटा पाहिला. तो निम्म्यावरसुद्धा नव्हता. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि झाकणावर फडकं टाकलं.

थोड्या वेळानं वहिनी उठायला लागल्या. “निवली असंल आता.”

“नाय वहिनी,” मी म्हणालो, “अजून लई गरम हाय. बसा.”