साबणाच्या डबीतली हार्ड डिस्क

रिपेअरिंगच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. उरलेले स्क्रू आणि किस्से. स्क्रू आम्ही दुकान बंद करताना देऊन टाकले. किस्से कुणी घेईना, म्हणून सांगतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बारामतीत मी आणि दत्ता कॉम्प्युटर जोडून द्यायचो. दत्ता मूळचा पाण्याच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करणारा, त्यामुळे सोल्डरिंगमध्ये त्याचा हात कुणी धरत नसे. पुण्याच्या एका भंगारवाल्याकडून आम्ही स्क्रीन फुटलेले जुने लॅपटॉप आणायचो, त्यांतल्या हार्ड डिस्क काढायचो आणि आमच्या कॉम्प्युटरला लावायचो. पिना जुळायच्या नाहीत, ते दत्ता बघायचा. पण लॅपटॉपची डिस्क पत्त्यांच्या कॅटाएवढी, मोठ्या कॅबिनेटमध्ये ती खुळखुळायची. मग मी ती प्लॅस्टिकच्या साबणाच्या डबीत ठेवून भोवती सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठासायचो. घट्ट बसायची.

असा पहिला कॉम्प्युटर पणदऱ्याकडच्या एका लहान दूध डेअरीला दिला. तिथले सेक्रेटरी, आबा, वयस्कर आणि संशयी. त्यांनी कॅबिनेट उघडायला लावलं. आत साबणाची डबी बघून ती बोटानं वाजवून पाहिली.

"ह्यात अख्ख्या गावाचं दूध मावंल?"

दत्ता म्हणाला, "आबा, दूध न्हाय मावायचं. नुसती नोंद."

"आरं, दुधापेक्षा नोंदच जड असती. वीस वर्सं मी उचलतोय."

तरी आबांनी कॉम्प्युटर ठेवून घेतला. फक्त रोज सकाळी डबीला उदबत्ती ओवाळायचे. डिस्क तिथं शेवटपर्यंत बिघडली नाही, म्हणून आम्हीही त्यांना कधी अडवलं नाही.

ज्या डिस्क मेलेल्या निघायच्या, त्या दत्ता हौसेनं उघडायचा. आत चकचकीत तबकडी असते, आरशासारखी, मधोमध भोक. मोरगावचे शेळ्या राखणारे एक तात्या बाजाराला आले की एसटीची वाट बघत आमच्याकडं टेकायचे. त्यांना ती तबकडी फार आवडली. दाढीला आरसा म्हणून मागून घेतली.

मी म्हटलं, "तात्या, मधी भोक हाय. नाक दिसायचं न्हाय."

"नाकाला कुठं दाढी असती?" तात्या म्हणाले आणि तबकडी मुंडाशात खोचून गाडीला गेले.

इंदापूरच्या एका दातांच्या डॉक्टरांची डिस्क पोचवायला दत्ता एसटीनं निघाला. रस्ता खड्ड्यांचा, धक्के बसायला नकोत म्हणून त्यानं डिस्क स्पंजात गुंडाळून स्टीलच्या जेवणाच्या डब्यात ठेवली होती. डब्यांची घरात जोडी होती. दवाखान्यात पेशंटच्या देखत डॉक्टरांनी डबा उघडला, तर आत दोन भाकरी, ठेचा आणि कांदा. डिस्क बारामतीला घरीच राहिली होती. दत्ताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी भाकरी बोटानं दाबून बघितली.

"हार्ड तर आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी दत्ताला तिथंच बसवून जेवायला लावलं. दुसऱ्या दिवशी डिस्क पोचली.

इंदापुरातच एक निवृत्त गुरुजी वधू-वर सूचक मंडळ चालवायचे. मुलामुलींची सगळी माहिती त्यांनी आठ महिने एका बोटानं टाइप केली होती. एक दिवस आमची डिस्क टकटक वाजायला लागली आणि बंद पडली. गुरुजी रागावले नाहीत. नुसते टेबलावर हात ठेवून बसले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दत्तानं ऐकलं होतं, की अडकलेली डिस्क गार केली तर थोडा वेळ चालते. समोर आइस्क्रीमचं दुकान होतं. डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तिथल्या फ्रीजरमध्ये ठेवली. मालकानं पिशवीवर चिठ्ठी लावली, 'हा कप विकायचा न्हाय.'

दोन तासांनी काढून जोडली. चालली. मुलांची यादी पूर्ण निघाली. मुलींची सुरू झाली आणि डिस्क कायमची थांबली.

गुरुजी हळूच म्हणाले, "म्हंजे पोरं सगळी आली, पोरी न्हाईत?"

आइस्क्रीमवाला मागं उभा होता. "मग मशीन बराबर हाय गुरुजी. तालुक्यात तरी दुसरं काय चाललंय?"

मुलींची यादी मी, दत्ता आणि गुरुजी अशा तिघांनी बसून कागदावरून परत टाइप केली. एका बोटाचं दुखणं काय असतं ते तेव्हा कळलं.

आता भानुदासचं सांगतो. हा वडगाव निंबाळकरच्या बाजूला एका सोसायटीत क्लार्क. त्या सोसायटीला आम्ही जी डिस्क बसवली, तिच्यावर टायपिंगचं सॉफ्टवेअर आधीचंच होतं, म्हणून दत्तानं काही न पुसता ती तशीच दिली. तिच्यावर पुण्याच्या कुणा अनोळखी साहेबाची इंग्रजी पत्रंही राहिली होती.

भानुदासला मेव्हणीच्या लग्नासाठी दोन दिवस रजा हवी होती. मॅनेजर नवीन आलेले, त्यांच्यावर छाप पडावी म्हणून त्याला अर्ज इंग्रजीत करायचा होता. शोधता शोधता एक छोटंसं पत्र सापडलं. त्यात घरगुती कारण होतं, आभार होते, सोमवारही होता. त्यानं खाली स्वतःचं नाव घातलं, छापलं आणि देऊन आला.

मॅनेजरनी त्याला आत बोलावून दार लोटून घेतलं. "भानुदास, काही त्रास आहे का इथं? कुणी बोललं का?"

"न्हाय साहेब. मेव्हणीचं लगीन हाय."

"त्यासाठी नोकरी सोडायची?"

भानुदासनं अर्जातल्या ओळीवर बोट ठेवलं. "सोडतोय कुठं साहेब? सोमवारी रिझाईन करतो असं लिवलंय की. रि म्हंजे परत, साइन म्हंजे सही. सोमवारी येऊन मस्टरवर परत सही करतो."

मॅनेजरनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी लाल पेन काढलं आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, 'राजीनामा दोन दिवसांसाठी मंजूर.'