समुद्राची वानगी

मंडळी, चहा घ्या आणि माझी फजिती ऐका. बाहेर सांगितलीत तरी माझी हरकत नाही. अख्ख्या दाणाबाजारानं ती आधीच मिटक्या मारत ऐकलीय, तुम्हीच तेवढे उरलात!

आमचं जळगावात डाळीचं दुकान. शाळा सातवीत सुटली, पुढचं शिक्षण सगळं पोत्यावर बसून. वडिलांनी एकच मंत्र दिला: वानगी पाहिल्याशिवाय माल घ्यायचा नाही. मूठभर नमुना तळहातावर घ्यायचा, फुंकर मारायची, दाताखाली धरायचा, मगच तोंड उघडायचं. अहो, मुलाची सोयरीक जुळवतानासुद्धा मी आधी व्याह्यांच्या घरची शेवभाजी खाऊन पाहिली होती!

तर यंदा घरात ठरलं, समुद्रावर जायचं. आम्ही खानदेशी माणसं. आमचं ऊन पापड वाळवायच्या कामाचं, त्यात कोणी अंग टाकून पडत नाही. पण नात मागेच लागली. जायचं ठरलं खरं, पण कुठल्या समुद्रावर?

"कोकण!" बायको म्हणाली. "नारळाची झाडं, उकडीचे मोदक, जिवाला शांतता."

"गोवा, पप्पा," सून म्हणाली. "शांतता इथं काय कमी आहे?"

"दीव," मुलगा म्हणाला. "गर्दी नाही, गोंधळ नाही."

घराचे तीन तुकडे झाले की हो! जेवताना कोणी कोणाला लोणचं पुढे करेना. शेवटी मी हात वर केला. "थांबा. वानगी मागवतो."

"कशाची?"

"समुद्राची!"

हसाल तुम्ही. पण माझा हिशेब सरळ होता. पाणी काय, सगळीकडे खारटच. फरक असणार तो वाळूत. बसायचं वाळूत, लोळायचं वाळूत, नात किल्ला करणार वाळूचा. मग वाळू पारखून घ्यायला नको?

आमचा माल घेऊन धुडकू नावाचा ड्रायव्हर चारी दिशांना ट्रक हाकतो. त्याला बोलावलं.

"धुडकू, दीवकडे जाशील, गोव्याला जाशील, कोकणात उतरशील, तेव्हा किनाऱ्यावरची पिशवी पिशवी वाळू आण."

"वाळू? कसाले, शेठ?"

"वानगी बघायचीय."

त्यानं मला ताप आहे का असं निरखून पाहिलं, आणि "बरं शेठ" म्हणून गेला. महिनाभरात तिन्ही पिशव्या आल्या.

मग काय! दुकानात तूर, मूग, हरभऱ्याच्या वानगीच्या ताटल्या मांडलेल्या असतात, त्यांच्याच शेजारी मी वाळूच्या तीन ताटल्या मांडल्या. एकेक चिमूट घेतली, चोळली, फुंकली, दाताखाली धरली. गोव्याची दिसायला सोनेरी, पण जरा भरड. दीवची अंमळ खारट. आणि कोकणची? अहाहा! मी तिथूनच बायकोला फोन लावला.

"अगं, तुझाच माल सरस! काय बारीक आहे! दाताखाली आली तरी कळत नाही, तुला सांगतो! हीच घेऊन टाकू."

फोन ठेवला आणि मान वर केली, तर समोर आक्का. या आक्का गेली कित्येक वर्षं आमच्याकडूनच वर्षाची तूरडाळ भरतात, आणि त्यांच्यामागून त्यांची सगळी गल्ली भरते. आक्कांनी वाळूच्या ताटलीकडे पाहिलं, शेजारच्या तूरडाळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"राहू द्या शेठ," त्या म्हणाल्या. "यंदा आम्ही डाळ घरीच भरडू."

आणि चालत्या झाल्या!

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं, त्यानं डाळ कचाकच चावून पाहिली आणि न घेता गेलं. पुढचा तर घरून पाण्याचा तांब्या घेऊनच आला. माझ्यादेखत डाळ धुतली, तळ बघितला! संध्याकाळी धुळ्याहून मेव्हण्याचा फोन. "दाजी, खरं आहे का हो? इथं बसस्टँडवर बोलताहेत, तुम्ही डाळीत वाळू घालता म्हणून!"

ऐन डाळी भरायचा हंगाम आणि तीन पिढ्यांचं नाव पणाला. खरं सांगून टाकावं म्हणता? अहो, काय सांगू? समुद्राची वानगी मागवली होती? एकीकडे लबाड, दुसरीकडे बावळट. व्यापाऱ्यानं कुठली पाटी गळ्यात अडकवायची, तुम्हीच सांगा!

तिसऱ्या दिवशी बाजारातले सगळ्यात जुने व्यापारी, नाना, चार जणांना घेऊन दुकानात आले. मागे बघ्यांची गर्दी, गर्दीत आक्का.

"शेठ, ही वाळू कशाला?" नानांनी विचारलं.

डोळे मिटले आणि सांगून टाकलं सगळं. कोकण, गोवा, दीव, वानगी, सगळं! मग कोणीतरी मागून म्हणालं, "भेसळ पटते एक वेळ, पण हे?"

"साक्षीदार आहे माझ्याकडे!" मी ओरडलो. "धुडकूला बोलवा!"

धुडकू आला. एवढी माणसं बघून त्याचा चेहरा पडला.

"सांग रे, ही वाळू कुठली? कुठली गोव्याची, कुठली कोकणची, सांग नानांना!"

धुडकू पायाच्या अंगठ्यानं फरशी टोकरायला लागला. "शेठ, रागावू नका. समुद्रापर्यंत ट्रक जात नही ना. अन् पिशवीभर वाळू भरताना लोकं हसतीन..."

"मग?"

"आपली तापीनी शे. बठ्ठी!"

मंडळी, धरणी दुभंगली असती तर मी वर डाळीचं पोतं ओढून घेतलं असतं! सगळी तापीची वाळू! घरापासून तासाभराच्या अंतरावरची! आणि मी तिच्यात सोनेरी, खारट आणि बारीक शोधत बसलो होतो! बरं, आता तर आणखीच अडकलो. समुद्राची गोष्ट गेली, हातात राहिली नदीची वाळू. भेसळीला लागते तीच!

नानांनी तिन्ही ताटल्यांतली चिमूट चिमूट हातावर घेतली. बराच वेळ बघितलं. मग गर्दीकडे वळले.

"माणूस साफ आहे," नाना म्हणाले. "अरे, भेसळ करणाऱ्यानं तापीची वाळू डोळे बांधूनसुद्धा ओळखली असती!"

काय हशा पिकला म्हणता! आक्का डोळे पुसत पुढे आल्या. "भरा शेठ आमची तूरडाळ. तुमच्याच्यानं नाही व्हायची भेसळ. त्याला अक्कल लागते."

नाव वाचलं! पण घरी जायचं बाकी होतं, आणि बातमी माझ्याआधीच पोचली होती. सून आत पदराआड खिदळत होती, मुलगा भिंतीकडे तोंड करून. बायको मात्र शांतपणे बॅग भरत होती.

"कोकण ठरलं," ती म्हणाली. "तुम्ही आता काही पारखू नका. तिथं पोचल्यावर समुद्र कोणता ते मी दाखवीन."