सलामी आणि हुकूम

मी एकोणीस वर्षे टेरिटोरियल पलटणीत होतो. वर्षातले दहा महिने नाकाडोंगरीच्या बाजूला मँगनीजच्या खाणीत टाइमकीपर आणि दोन महिने वर्दीत. एकाहत्तरच्या लढाईत आम्हाला पूर्णवेळ बोलावले, तेव्हा तेरा महिने पुलांवर आणि रेल्वेच्या रुळांवर पहारा दिला. लोक अजूनही विचारतात, "म्हणजे तुम्ही अर्धे फौजी?" मी वाद घालत नाही.

लढाईनंतर आठ-नऊ वर्षांनी आमचा वार्षिक कॅम्प पवनीच्या पुढे लागला. वैनगंगेपासून अडीच मैलांवर उंच माळ होता, त्यावर तंबू. मी सुभेदार होतो, दोन नंबर प्लाटूनचा कमांडर. प्लाटूनमध्ये एकतीस जण. धानाचे शेतकरी, दोन मास्तर, विडी वळणारे, एक शिंपी, दोन ढिवर. सकाळी साडेपाचला पी.टी., आठला ड्रिल, दुपारी हत्यारांची सफाई, सहाला रोल कॉल. त्या वर्षी ड्रिल दोन्ही वेळा होते, कारण मोठी परेड ठरली होती.

परेड कशाची, हे समजावून सांगतो. पलटण चालवतो कमांडिंग ऑफिसर. त्याच्या खाली सेकंड-इन-कमांड, मग कंपनी कमांडर. आम्हा सुभेदार लोकांमध्ये सगळ्यांत वर सुभेदार मेजर. या सगळ्यांशिवाय एक मानद कर्नल असतो. तो बहुतेक बाहेरचा, जिल्ह्यातला नावाजलेला माणूस. वर्दी घालतो, खांद्यावर कर्नलचे बिल्ले लावतो, सलामी घेतो, स्मारकावर पुष्पचक्र ठेवतो. हुकूम देणे त्याच्याकडे नसते.

आमचे नवे मानद कर्नल होते दाजीसाहेब. जुन्या मालगुजार घराण्यातले. पलटणीच्या बँडला ढोल त्यांनी दिले होते आणि भरतीच्या वेळी ते गावोगाव फिरले होते, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. माझा बाप त्यांच्या धानाच्या बांधीत राबला, हेही सांगतो. आम्ही छप्पन साली बौद्ध झालो, तरी त्यांच्या ओसरीवर बाप कधी चढला नाही.

सोमवारी दहा वाजता त्यांना कर्नलचे बिल्ले लागणार होते. त्याच परेडमध्ये जुने सुभेदार मेजर निवृत्त होऊन त्यांची छडी माझ्या हाती देणार होते. आमच्या वस्तीतून फौजेत गेलेले पुष्कळ होते. सुभेदार मेजर कोणी झाला नव्हता. आई आंधळगावहून रविवारीच आली. कॅम्पच्या गेटजवळ मला म्हणाली, "दाजीसाहेब तुले सलाम करतीन का रे?"

"मी करीन. मग ते करतील. कायदाच आहे तसा."

"मंग मी समोरच बसतो," ती म्हणाली.

सोमवारी आमच्याकडे ऊन होते. वरच्या भागात मात्र तीन दिवस पाऊस चालला होता आणि नदी सकाळपासून चढत होती. कमांडिंग ऑफिसर सहा वाजता परेड पाहायला येणाऱ्या जनरल साहेबांना आणायला भंडाऱ्याला गेले. आठ वाजता बातमी आली की रस्त्यातल्या नाल्यावर पाणी आहे, जीप पलीकडे अडकली आहे. कॅम्प सेकंड-इन-कमांड मेजर साहेबांच्या हातात आला.

नऊ वाजून पाच मिनिटांनी एक कोतवाल सायकल ढकलत आला. कमरेपर्यंत चिखल. हातात तहसीलदारांची चिठ्ठी. नदीकाठच्या एका टोलीला, म्हणजे छोट्या वस्तीला, पाण्याने वेढा घातला आहे, माणसे शाळेच्या छपरावर आणि झाडांवर आहेत, फौजेने ताबडतोब मदत करावी.

मेजर साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. वायरलेसवर कमांडिंग ऑफिसरना बोलावले. खरखर आली, उत्तर आले नाही. ते चांगले अधिकारी होते, पण आमच्याकडे येऊन त्यांना दोनच महिने झाले होते.

"जनरल साहब आ जाएँ, फिर निकलते हैं," ते म्हणाले.

मी म्हणालो, "साहब, नाला उतरल्याशिवाय जनरल साहेब येत नाहीत. तोवर टोली राहत नाही."

दाजीसाहेब तिथेच होते. नवी वर्दी, बूट चमकत होते. ते म्हणाले, "सुभेदार, एक तास थांबा. लोक जमले आहेत. बिल्ले लावू, मग मीच माझी माणसं पाठवतो."

मी मेजर साहेबांकडे पाहून विचारले, "साहब, हुकूम?"

मेजर साहेबांनी चिठ्ठी पुन्हा उघडली.

"मी सांगतो आहे, थांबा," दाजीसाहेब म्हणाले. "मी कर्नल आहे."

मी सावधान झालो आणि सलाम केला. "साहेब, सलामी आपली आहे. ती मी दिली. हुकूम मात्र कमांडिंग ऑफिसरचा चालतो, ते नसतील तर मेजर साहेबांचा. ते मला थांब म्हणाले नाहीत. जीव वाचवायला तहसीलदारांनी लेखी मागितलं आहे. माझी प्लाटून चालली. माझं नाव लिहून ठेवा."

दाजीसाहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांच्याशी असे कोणी बोलत नव्हते आणि माझ्या बापाकडून असे कोणी ऐकले नव्हते. मी वळलो. मागून मेजर साहेब हळूच स्टोअरच्या हवालदाराला म्हणाले, "रस्से दे दो."

नऊ वीसला ट्रक निघाला. एकतीस जण परेडच्या कडक इस्त्रीच्या वर्दीत, बेल्टचे पितळ घासलेले. आई समोरच्या रांगेत बसली होती. तिने हात वर केला. मी केला नाही, कारण मी ट्रकमध्ये पुढे उभा होतो आणि सगळे पाहत होते.

काठावर आम्हाला दोन डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, मिळाले. इथून पुढे प्लाटून मी चालवली असे कागदावर आहे. खरे तर ती नाईक तुळशीरामने चालवली. तुळशीराम ढिवर, कोंढ्याचा. लहानपणापासून वैनगंगेत जाळे टाकणारा. परेडमध्ये त्याचा पाय नेहमी अर्धा ठेका मागे पडायचा आणि मी त्याला पंधरा दिवस शिव्या दिल्या होत्या. पाण्याकडे त्याने मिनिटभर पाहिले.

"सायेब, सीधा नोका जाऊ. धार ओढून नेईन. वरून, त्या चिंचेपासून डोंगा सोडा. तो आपोआप शाळेवर लागते."

"रस्सा?"

"रस्सा मी नेतो."

तो रस्सा कमरेला बांधून पोहत गेला. एक टोक चिंचेला, दुसरे शाळेच्या खांबाला. त्या रस्स्याला धरून डोंगे सुरू झाले. पहिली फेरी दहा वाजता, बाया आणि पोरे. दुसरी साडेदहाला.

वायरलेसवर मी कॅम्पला रिपोर्ट दिला. "टायगर, टायगर, दोन नंबर. दुसरी फेरी पूर्ण. ओव्हर."

"दोन नंबर, परेड ग्राउंडवर कधी पोचता? ओव्हर."

"परेडला येत नाही. आउट."

माझ्या शेजारचा शिपाई हसला. मीही हसलो असेन.

तिसऱ्या फेरीत शाळेचे छप्पर रिकामे झाले. आता एकच माणूस राहिला होता. शाळेपासून तीस हात खाली एका खोपटाच्या कुडाच्या भिंतीवर एक म्हातारा बसला होता. तो यायला तयार नव्हता. आम्ही ओरडलो तर त्याने तोंड फिरवले.

तुळशीराम म्हणाला, "मी जातो. तो आमच्या जातीचा हाय. मायं आयकते."

मी नको म्हणू शकत होतो. मी म्हणालो, "दुसरा रस्सा बांधून जा."

तो डोंगा घेऊन एकटा गेला. म्हाताऱ्याशी काय बोलला ते पाण्याच्या आवाजात ऐकू आले नाही. दोन-तीन मिनिटे लागली. मग म्हातारा स्वतःहून डोंग्यात उतरला. आम्ही रस्सा ओढू लागलो. अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती.

वरून एक अख्खे झाड मुळांसकट आले. आम्ही सगळे ओरडलो. तुळशीरामने पाहिले. त्याने कमरेचा रस्सा सोडला, म्हाताऱ्याच्या काखेतून घातला आणि गाठ मारली. एवढाच वेळ त्याला मिळाला. झाड डोंग्यावर आले. आम्ही रस्सा ओढला तेव्हा टोकाला म्हातारा होता, जिवंत. डोंगा नव्हता. तुळशीराम नव्हता.

तो दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर सापडला. बेल्ट कमरेलाच होता.

चौकशी बसली. प्रश्न एकच होता. प्लाटून कोणाच्या हुकुमाने गेली?

मी म्हणालो, "माझ्या."

मेजर साहेब म्हणाले, "मी रोखले नाही. रस्से मी दिले." त्यांनी हे नसते सांगितले तरी चालले असते. सांगितल्यामुळे त्यांची बढती लांबली. दाजीसाहेबांनी लिहून दिले, 'मी थांबा म्हटले होते, सुभेदाराने ऐकले नाही.' तेही खरेच होते.

मला ताकीद मिळाली. सुभेदार मेजरची छडी दुसऱ्या सुभेदाराला गेली, तोही लायक माणूस होता. मी रडलो नाही. आई म्हणाली, "बरं केलं रे." एवढेच.

भांडण झाले ते दुसऱ्याच गोष्टीवरून. भंडाऱ्याला आमच्या तळावर पलटणीतल्या शहिदांचा दगड आहे. त्यावर तुळशीरामचे नाव घालायला ऑफिसने नकार दिला. हुकूम नव्हता, म्हणून तो ड्यूटीवर नव्हता. माझ्यासमोर एक कागद ठेवला, 'पोहताना बुडून मृत्यू'. सही करा म्हणाले.

"तो पोहत नव्हता," मी म्हणालो. "तो माझ्या हुकुमाखाली होता. सही करत नाही."

"सुभेदार साहेब, तुमचीच नोकरी जाईल."

"जाऊ द्या. खाणीत हजेरी घेतो मी. तिथं मेलेल्या माणसाला गैरहजर लिहीत नाहीत."

वर्षभरात तो कागद तीनदा आला. तीनदा मी परत पाठवला. प्लाटूनमधल्या तिघांना बोलावून साक्ष बदला म्हणाले. कोणी बदलली नाही.

पुढच्या वर्षी पलटणीच्या स्थापना दिवसाची परेड तळावर झाली. जनरल साहेब आले होते. पुष्पचक्र दाजीसाहेब ठेवणार होते. परेडपूर्वी ते माझ्याजवळ थांबले. वर्षभरात आम्ही बोललो नव्हतो.

"त्या नाईकाचं नाव कुठं आहे?"

"नाही साहेब."

"काहून?"

"हुकूम नव्हता म्हणतात."

ते पुढे गेले. नऊ वाजता बिगुलवाले तयार झाले. दाजीसाहेब पुष्पचक्र दोन्ही हातांत धरून हळू पावलांनी दगडापाशी गेले. वय झाले होते, पण पाय बरोबर पडत होते. दगडासमोर उभे राहून त्यांनी वरपासून खालपर्यंत नावे वाचली. पण पुष्पचक्र ठेवायला ते वाकले नाहीत. अर्धे मिनिट गेले. एक मिनिट गेले. बिगुलवाला ओठांना बिगुल लावून वाट पाहत होता.

मग ते वळले आणि जनरल साहेबांसमोर येऊन सगळ्यांना ऐकू येईल असे म्हणाले, "एक नाव कमी आहे. हुकूम देणं माझ्याकडे नाही, हे मला एका सुभेदाराने शिकवलं. पण पुष्पचक्र माझ्या हातात आहे. नाव आल्यावर ठेवतो."

आणि ते पुष्पचक्र घेऊन जीपमध्ये बसले. परेड तशीच उभी.

नाव दीड महिन्यात आले. दगडावर 'तुलसीराम' असे हिंदीत कोरले, मराठीत नाही. मी त्यावर भांडलो नाही. त्या दिवशी दाजीसाहेब आले आणि पुष्पचक्र ठेवून एका बाजूला उभे राहिले. माझ्याकडे पाहून त्यांनी आधी सलाम केला. मी परत केला.

तुळशीरामची बायको अंजना कोंढ्याहून आली होती. टोलीतला तो म्हाताराही होता, काठी टेकत. तिला वाचता येत नव्हते. दगडाजवळ बसून ती मला म्हणाली, "भाऊ, त्यायचं नाव कोनतं हाय? मले बोट ठेवून दाखवा ना जी."

मी तिचा हात धरून बोट पहिल्या अक्षरावर ठेवले. ती प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेली आणि तिथे थांबली.

बिगुल वाजला आणि संपला. तिने बोट उचलले नाही. तीस माणसे सावधान उभी होती, त्यांच्यात सगळ्यांत चुकार पायाचा एक जण नव्हता. ती उठेपर्यंत आम्ही तसेच उभे राहिलो.