खापरभाऊंची सहावी भट्टी

सोमवारी सकाळी खापरभाऊ माळावर पोचले, तेव्हा त्यांच्या पाच भट्ट्यांमध्ये खाणीच्या चाचणीचे पाच बोअर मारून झाले होते. कॅरमच्या पटावर राणी मांडावी तसे नेमके मधोमध.

खापरभाऊ हे नाव ऑफिसनं पाडलेलं. खाणीसाठी जमीन मागितली गेली की ती आधी पायाखाली घालायची, जुनं काही सापडलं तर अहवालात लिहायचं, ही त्यांची नोकरी. वीस वर्षं मान खाली घालून चालल्यामुळे माणूस भेटला की ते आधी चपला बघत, मग तोंड. शर्ट धुवायला टाकताना बायको खिशातली खापरं काढून खिडकीत मांडायची आणि म्हणायची, "लोकांच्या नवऱ्यांच्या खिशात नोटा सापडतात म्हणे."

इतक्या वर्षांत त्यांच्या बहुतेक अहवालांत 'उल्लेखनीय काही नाही' एवढंच लिहिलेलं. या माळावर मात्र घबाड हाती लागलं होतं. कुणा जुन्या माणसांनी लोखंड वितळवलेल्या सहा भट्ट्या, ओळीनं, भोवती काळ्या चोथ्याचे ढीग. एकटी भट्टी सापडली तर तिला कुंपण मिळतं. ओळ सापडली तर तो समूह ठरतो आणि नियमानं अख्खा माळ खाणीतून वगळावा लागतो. शुक्रवारी त्यांनी प्रत्येक भट्टीत खुंटी ठोकून लाल रिबीन बांधली होती. सहाव्या भट्टीपाशी रिबीन संपली, तिथे नुसता दगड ठेवला आणि शीळ घालत घरी गेले.

"कुणी सांगितलं इथे मारायला?"

"तुम्हीच की, भाऊ," बोअरच्या गाडीचा फोरमन हात पुसत म्हणाला. "लाल रिबीन म्हणजे इथे मार, निळी म्हणजे लांब राहा. आमच्यात असंच चालतं."

"लाल म्हणजे धोका. शाळेतलं पोरगंही सांगेल."

"आमची शाळा वेगळी. पण खुणा सुरेख केल्यात हां, एकदम सरळ रेषेत. याच अंतरानं पुढचा बोअर उद्या त्या दगडावर येतो बघा."

शिवी परवडली असती, कौतुक सोसवेना.

ऑफिसात साहेब चिडले असते तरी बरं होतं. ते फक्त म्हणाले, "मग लिहा. पाच विस्कटलेल्या, एक शाबूत. एकीला समूह म्हणता येत नाही."

"साहेब, भट्ट्या आहेत तिथेच आहेत. मध्ये भोक पडलंय फक्त."

"रिबीन कुणाची होती?"

खापरभाऊ साहेबांचे बूट बघू लागले.

"खाणीची कंपनीही हेच विचारेल. लिहा."

रात्री जेवताना बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि ताटात पोळी वाढत म्हणाली, "अहो, निदान विचारायचं तरी."

"कुणाला?"

"खोदणाऱ्यांना. भिंतीत साधा खिळा ठोकायचा तर मी पलीकडच्या वहिनींना आधी सांगून येते."

वीस वर्षांत ते बोअरवाल्यांशी एक शब्द बोलले नव्हते. शत्रूशी काय बोलायचं, असा त्यांचा बाणा.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिस उघडायच्या आधीच स्टोअरच्या दारात उभे. स्टोअरवाला म्हणाला, "निळी कधी कुणी मागितलीच नाही. लाल हवी तेवढी न्या." नवी मागवायची तर अर्ज, मंजुरी, मग खरेदी, तोवर बोअर कधीच पार गेला असता.

बाणा खिशात, खापरांच्या शेजारी ठेवून ते माळावर गेले. गाडी दगडापाशी येऊन उभीच होती.

"एक भट्टी राहू द्या," ते फोरमनला म्हणाले. इतक्या खालच्या आवाजात की त्याला कान पुढे करावा लागला.

फोरमननं सीटखालून निळ्या रिबिनीचं रीळ काढलं. "माझं स्वतःचं आहे. दोन वेढे घ्या आणि परत द्या."

दोन वेढ्यांवर खापरभाऊंचा भरवसा नव्हता. त्यांनी भट्टीभोवती एवढ्या फेऱ्या घातल्या की रीळ संपलं. फोरमननं पुठ्ठ्याच्या रिकाम्या नळीतून त्यांच्याकडे बघितलं, मग गाडी वळवून बाजूला घेतली.

आता माळ नाही. मोठा खड्डा आहे आणि त्याच्या काठावर कुंपणातली एक भट्टी. खापरभाऊ तिच्याकडे फिरकत नाहीत. रस्त्यात फोरमन दिसला तरी पलीकडच्या बाजूनं जातात.

"भाऊ, माझं रीळ?" तो इकडूनच ओरडतो.

"दुकानात सांगून ठेवलंय."

सांगून ठेवलंय हे खरं आहे. दुकानात येते ती लालच.